चिठ्ठी, तारीख आणि हुकूम

रशियाच्या झारच्या दरबारात दहा-अकरा वर्षं वावरलेल्या ग्रिगोरी रास्पुतिनवर गेल्या अंकात लेख होता. सैबेरियातल्या पोक्रोव्स्कोये गावचा हा शेतकरी. स्वतःला देवमाणूस म्हणवत झार निकोलस आणि राणी अलेक्झांड्रा यांच्यापर्यंत पोचला आणि डिसेंबर 1916 मध्ये मारला गेला. त्या लेखावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

रास्पुतिनच्या शब्दावर मंत्री बदलायचे, असं लेखात होतं. हे कुणी तपासलंय, की ऐकीव आहे? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

तपासता येतं. एक कागद घ्या आणि चार रकाने आखा. मागणी कोणत्या तारखेला झाली, ती कुणाच्या हातून पोचली, हुकूम कधी निघाला, आणि त्या हुकमाला त्या दिवसांत दुसरं काही कारण होतं का. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. मागणीनंतर हुकूम निघाला एवढं दिसलं की बाबाच्या शब्दामुळेच निघाला असं धरून चालतात, आणि इथेच हिशेब चुकतो.

रास्पुतिनच्या बाबतीत पहिले तीन रकाने भरणं सोपं आहे. ऑगस्ट 1915 मध्ये निकोलसने सैन्याचं सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं आणि तो मोगिलेव्हच्या लष्करी तळावर राहायला गेला. राणी राजधानीजवळ त्सारस्कोये सेलो इथे राहिली. ती जवळजवळ रोज नवऱ्याला पत्र लिहायची, तेही इंग्रजीत, आणि प्रत्येक पत्रावर क्रमांक घालायची. रास्पुतिनचा उल्लेख त्यात ‘आपला मित्र’ असा येतो. मित्राचं म्हणणं काय, कोण माणूस त्याला चालतो आणि कोण चालत नाही, हे तारीखवार वाचता येतं.

आता चौथा रकाना लावून पाहू. धर्मखात्याचा प्रमुख सामारिन हा रास्पुतिनचा उघड विरोधक. जुलै 1915 मध्ये नेमला गेला आणि सप्टेंबरअखेर घरी बसला. त्याला काढा, असा राणीने पत्रांतून धोशा लावला होता. हे प्रकरण बाबाच्या खात्यात टाकावंसं वाटतं. पण झारने सरसेनापती होऊ नये, असं विनवणारं पत्र ऑगस्टमध्ये काही मंत्र्यांनी मिळून दिलं होतं आणि त्यावर सामारिनची सही होती. झार त्या सगळ्यांवरच नाराज झाला होता. म्हणजे कारणं दोन आहेत, आणि श्रेय वाटूनच द्यावं लागतं.

गृहमंत्री प्रोतोपोपोव्हचं प्रकरण आणखी शिकवतं. त्याला नेमा, असा आग्रह राणीने सप्टेंबर 1916 मध्ये रास्पुतिनचं नाव घेऊन धरला आणि नेमणूक झाली. पण तो आधी ड्यूमाचा, म्हणजे रशियन विधिमंडळाचा, उपाध्यक्ष होता आणि ड्यूमाच्या अध्यक्षानेही झारकडे त्याची शिफारस केलेली होती. खरा पुरावा नोव्हेंबरमधला आहे. झारने त्याला काढायचं ठरवलं आणि बायकोला लिहिलं की, यात आपल्या मित्राला ओढू नकोस. राणी स्वतः मोगिलेव्हला गेली आणि प्रोतोपोपोव्ह खुर्चीवर राहिला. इथे दुसरं कारण सापडत नाही. मात्र ही ताकद राणीची होती. रास्पुतिन तिच्यामार्फतच चालत होता.

उलट बाजूही मांडली पाहिजे. 1914 मध्ये युद्धात पडू नका, असं रास्पुतिनने कळकळीने कळवलं होतं. तेव्हा पोक्रोव्स्कोयेत एका बाईने पोटात सुरा खुपसल्यामुळे तो अंथरुणावर होता. रशिया युद्धात उतरलाच. म्हणजे राज्याच्या सगळ्यात मोठ्या निर्णयात त्याचं कुणी ऐकलं नाही. तो राज्य चालवत होता हे म्हणणं आमच्या मते चूक आहे. नको असलेल्या माणसाला हलवण्यात तो वाकबगार होता, आणि तेही झार राजधानीबाहेर असलेल्या शेवटच्या सव्वा वर्षात. एवढ्यानेही मोठं नुकसान झालं. 1916 या एका वर्षात गोरेमिकिन, स्त्यूर्मर, त्रेपोव्ह आणि गोलित्सिन असे चार पंतप्रधान झाले. खातं समजून घेईपर्यंत मंत्री बदलला, की रेल्वे, धान्य, कोळसा यांची घडी बसत नाही.

खालच्या पातळीवरचं काम वेगळंच चालायचं. राजधानी पेत्रोग्रादमध्ये गोरोखोवाया रस्त्यावर 64 नंबरच्या इमारतीतल्या त्याच्या घरी सकाळपासून अर्जदारांची रीघ लागायची. तो एक चिठ्ठी द्यायचा. वर क्रूस, खाली वाकड्यातिकड्या, अशुद्ध अक्षरांत ‘लाडक्या, याचं काम कर’ अशा अर्थाची एखादी ओळ. अर्जदाराचं नावही कित्येकदा नसायचं, कारण काही चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या असत. अधिकाऱ्याला प्रश्न पडायचा, की हा माणूस खरंच दरबारात बोलेल का? बोलेल या भीतीनेच पुष्कळ कामं व्हायची. अशा कामांत हुकमाचा कागद शोधून मिळत नाही. चिठ्ठी वाचणाऱ्याच्या मनातला हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे मान्य करावं लागतं.

राजपुत्राचा रक्तस्राव त्याने थांबवला, हे वैद्यकीयदृष्ट्या कसं शक्य आहे? ॲस्पिरिन बंद करायला लावली म्हणून मुलगा वाचला, असंही वाचलं. — रुग्णालयात काम करणारी वाचक, मिरज

राजपुत्र अलेक्सेईचा जन्म 1904 चा. त्याला हिमोफिलिया होता. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीवरून तो ‘बी’ प्रकारचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या कमतरतेचा, असल्याचं ठरलं. दोष आईकडून आला. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. राणी अलेक्झांड्रा ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची नात. तिचा स्वतःचा मोठा भाऊ याच आजाराने 1873 मध्ये गेला होता.

सगळ्यात गाजलेला प्रसंग 1912 च्या शरदातला, पोलंडमधल्या स्पाला इथल्या शिकारवाड्यावरचा. होडीत चढताना मुलाला मार लागला होता. पुढे घोडागाडीच्या हादऱ्यांनी जांघेत आणि मांडीच्या वर आतल्या आत रक्त साचत गेलं. ताप चढला, पाय पोटाशी आखडला, डॉक्टरांनी हात टेकले आणि अंत्यसंस्काराआधीची प्रार्थनाही उरकली. रास्पुतिन त्या वेळी हजारो किलोमीटर दूर, आपल्या गावी होता. त्याला तार गेली. त्याची उलट तार आली ती अशी, की मूल मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. त्यानंतर दिवसा-दोन दिवसांत उतार पडला.

हात लावणं नाही, नजर नाही, फक्त तार. मग झालं काय? बंद जागेत साचणाऱ्या रक्ताचा दाब वाढत जातो आणि एका टप्प्यावर तोच दाब फुटलेल्या रक्तवाहिनीला दाबून धरतो. याच टप्प्याला दुखणं आणि सूज कमाल असते. घरच्यांचा धीर सुटतो तोही तेव्हाच, आणि बाबाला तार जाते तीही तेव्हाच. उतार सुरू होण्याची वेळ आणि तार पोचण्याची वेळ जवळ येतात. दुसरी गोष्ट म्हणजे ‘छळू नका’ हा सल्ला. सुजलेला भाग वारंवार चाचपला, हलवला, की धरलेली गुठळी सुटते. मुलाला पडून राहू देणं हे त्या काळात उपलब्ध असलेल्या उपायांतलं खरोखरच बरं होतं. आई शांत झाली की मूलही शांत होतं, हे तुम्ही रोज पाहत असाल.

ॲस्पिरिनबद्दल सांगायचं तर हे औषध 1899 पासून बाजारात होतं आणि ते रक्त गोठण्यात अडथळा आणतं, हे खरं. हिमोफिलियाच्या रुग्णाला आज ते देत नाहीत. पण रास्पुतिनने ते बंद करायला सांगितलं याला कागदाचा आधार नाही. तो नंतरच्या लोकांनी बांधलेला अंदाज आहे.

आमच्या मते खरी चूक वेगळीच झाली. राजघराण्याने हा आजार प्रजेपासून लपवला. स्पालाच्या वेळी प्रकृतीची पत्रकं निघाली, पण त्यांत आजाराचं नाव नव्हतं. आजारी मुलाची आई रास्पुतिनला बोलावते हे लोकांना कळलंच नाही. एक शेतकरी राणीकडे जातो एवढंच दिसलं, आणि त्या रिकाम्या जागेत घाणेरड्या अफवा भरल्या.

खून 17 डिसेंबरला झाला की 30 डिसेंबरला? — एक वाचक, वाई

दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा जुनं, ज्युलियन पंचांग चालू होतं. विसाव्या शतकात ते आपल्या चालू कॅलेंडरपेक्षा 13 दिवस मागे होतं, एकोणिसाव्यात 12. खून 16-17 डिसेंबरच्या रात्री झाला. आपल्या कॅलेंडरप्रमाणे ती 29-30 डिसेंबर होते.

हाच घोळ आपल्या इतिहासातही आहे, म्हणून जरा पुढे जातो. इंग्रजांनी नवीन पंचांग 1752 मध्ये स्वीकारलं, पोर्तुगीजांनी फार आधी. त्यामुळे अठराव्या शतकात 1752 पर्यंत मुंबईकर इंग्रजांची तारीख पोर्तुगीजांच्या 11 दिवस मागे असते. वसईच्या किल्ल्याचा शरणागतीचा करार एका पुस्तकात 5 मे 1739 ला आणि दुसऱ्यात 16 मे ला दिसतो. दिवस एकच आहे.

धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना काही जण ‘मराठ्यांचा रास्पुतिन’ म्हणतात. हे योग्य आहे का? — धावडशी परिसरातला एक वाचक

योग्य नाही. पण शाहू महाराजांच्या काळातल्या या संन्याशाचा दरबारावर प्रभाव नव्हता असं म्हणणंही योग्य नाही. तोच चार रकान्यांचा कागद इथे लावू.

आधी ‘स्वयंघोषित देवमाणूस’ हे वर्णन दोघांना लागतं का, ते पाहू. रास्पुतिनला कोणी दीक्षा दिली नव्हती. तो साधूही नव्हता, पाद्रीही नव्हता. बायकामुलं असलेला गृहस्थ होता. ब्रह्मेंद्रस्वामींनी काशीत संन्यास घेतला होता आणि चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री वर्षानुवर्षं राहून त्यांनी देवस्थानाची व्यवस्था उभी केली. त्यांच्या नावाला परंपरेचा आधार आहे.

मुख्य फरक मात्र दोऱ्यांच्या संख्येत आहे. रास्पुतिन एका दोरीवर लटकला होता आणि ती म्हणजे आजारी मुलाच्या आईचा विश्वास. स्वामींच्या दोऱ्या अनेक होत्या. शाहू महाराज, त्यांच्या राण्या, बाळाजी विश्वनाथांपासूनचं पेशव्यांचं घर, आंग्रे, आणि काही काळ तर जंजिऱ्याचा सिद्दीसुद्धा. परस्परांशी लढणारी ही माणसं एकाच संन्याशाच्या पाया पडत, म्हणून निरोप पोचवायला आणि समेट घडवायला तोच माणूस उपयोगी पडे. त्यात पैसा आला. स्वामींकडे भिक्षा आणि इनामांतून रक्कम जमे आणि ते व्याजाने कर्ज देत. बाजीराव पेशव्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. सावकार आणि शिलेदार यांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचं. ते स्वामींनाच लिहिलेलं आहे. ज्याच्याकडे कर्जाची तक्रार करायची तो स्वतःही धनको. यातून येणारं वजन कुठल्याही चमत्कारापेक्षा भरवशाचं होतं. व्याज आणि वसुलीचा तगादा यांवरून इतिहासकारांनी स्वामींवर कठोर टीका केली आहे, आणि पत्रं वाचल्यावर ती सगळी फेकून देता येत नाही.

आता तारखा. 1727 च्या महाशिवरात्रीला अंजनवेल-गोवळकोटचा अंमलदार सिद्दी सात याने परशुरामाच्या देवळावर हल्ला करून ते उद्ध्वस्त केलं. निमित्त एका हत्तीचं. सावनूरकडून येणारा हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत अडकवला आणि यात स्वामींचा हात आहे, असा सिद्दीला संशय आला. स्वामी कोकण सोडून घाटावर आले आणि शाहू महाराजांनी दिलेल्या धावडशीत राहिले. सिद्दीचं पारिपत्य करा, असं ते सगळ्यांना लिहीत राहिले. मागणी 1727 ची आणि मोहीम निघाली 1733 मध्ये. मधली सहा वर्षं शाहू आणि बाजीराव दोघेही स्वामींना मानत होते, तरी फौज हलली नाही. हलली ती जंजिऱ्याचा सिद्दी रसूल वारला आणि वारसांत भांडण जुंपलं तेव्हा. हा झाला चौथा रकाना. सिद्दी सात पडला 19 एप्रिल 1736 ला, रेवसजवळ, चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना. अंजनवेल आणि गोवळकोट तर 1745 च्या सुरुवातीला तुळाजी आंग्र्यांनी घेतले, म्हणजे घटनेनंतर 18 वर्षांनी. त्याच वर्षी पावसाळ्यात स्वामींनी धावडशीत देह ठेवला.

यावरून आमचं मत असं, की स्वामींच्या सांगण्याने मोहीम निघाली नाही. निघाली तेव्हा मात्र ती नुसत्या मुलूखगिरीची न राहता देवाच्या अपमानाची भरपाई झाली, आणि त्यामुळे पेशवे, शाहूंच्या दरबारातले प्रतिनिधी, आंग्रे यांना एका कामात जोडता येईल असं वाटलं. ते फारसं जमलं नाही. 1733 मध्ये रायगड प्रतिनिधींनी परस्पर ताब्यात घेतला आणि पेशवे-प्रतिनिधींची तेढ वाढली. स्वामींचं वजन दोघांकडेही असून ती तेढ मिटली नाही. वसईच्या अखेरच्या हल्ल्याचं वर्णन चिमाजीअप्पांनी स्वामींना पत्रातून कळवलं, सुरुंग कसे उडाले आणि माणसं कशी पडली ते सगळं. कुणाला कळवावंसं वाटतं यावरूनही माणसाचं स्थान समजतं. पण ते हुकमाचं स्थान नव्हे.

धावडशीला समाधी आणि भार्गवरामाचं देऊळ आहे, तळी आहेत. तिथे जाणाऱ्याने स्वामींची छापील पत्रं निदान चाळून जावं. माणूस जास्त स्पष्ट दिसतो.

विष, गोळ्या, बुडवणं, इतकं करूनही रास्पुतिन मरत नव्हता, हे खरं? — एक वाचक, इस्लामपूर

नाही. ही गोष्ट मारेकऱ्यांपैकी युसुपोव्हने स्वतः लिहून ठेवली, आणि ती पसरवण्यात त्याचा फायदा होता. समोरचा माणूस सैतान ठरला की मारणारा वीर ठरतो. शवविच्छेदनात गोळ्यांच्या जखमा सापडल्या. त्यातली कपाळावरची अगदी जवळून मारलेली होती आणि तीच प्राणघातक. विष सापडल्याची नोंद नाही. प्रेत मालाया नेव्का नदीत बर्फाखाली सापडलं म्हणून बुडण्याची कथा जोडली गेली. खुनानंतर अडीच महिन्यांत झारने राजत्याग केला. मारेकऱ्यांना राजसत्ता वाचवायची होती.

घरी मोडी कागदांची एक पिशवी आहे. त्यात कुण्या महाराजांना लिहिलेली पत्रं असावीत. वर्ष कसं काढायचं? — एक शिक्षक, तासगाव

वर्ष अंकांत शोधू नका, शब्दांत शोधा. जुन्या पत्रांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या मराठी कागदांतली कालगणना, अरबी शब्दांनी लिहितात, आधी एकक, मग दहक, शतक, सहस्र. एक ते नऊ म्हणजे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा अशर, वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. ‘सीत सलासीन मया व अलफ’ म्हणजे 6, 30, 100, 1000, एकूण 1136. सन मृग नक्षत्राला बदलतो. पत्र मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं असेल तर 599 मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतचं असेल तर 600. म्हणजे 1136 हा सन 1735-36 चा.

तारखेआधी ‘छ’ दिसला तर तो चांद्र दिवस, आणि पुढचा महिना मुसलमानी असतो, मोहरम, सफर, रबिलावल असा. सगळ्यात जास्त चूक आकड्यांच्या शब्दांत होते. ‘सलास’ आणि ‘सलासीन’ यांत तीन आणि तीस एवढा फरक आहे, आणि शेवटचा ‘न’ घाईच्या लिखाणात गळतो. ‘सबा’ आणि ‘सबैन’चंही तसंच. शंका आली तर पत्रातली माणसं त्या वर्षी हयात होती का ते पाहा. खाजगी पत्रांत पुष्कळदा नुसता महिना-दिवस असतो, वर्ष नसतंच. तिथेही हाच उपाय.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, घड्या ओल्या करून उघडू नका. घडी कोरडीच, सावकाश उघडा आणि खिडकीच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मागची कोरी बाजूही घ्या. पत्र मिळाल्यावर मिळाल्याची तारीख टिपून ठेवायची पद्धत होती, आणि तिच्याआधी ‘पौ’ अशी खूण असते. लिहिल्याची तारीख आणि ‘पौ’ची तारीख अशा दोन्ही मिळाल्या, तर निरोप धावडशीहून पुण्याला किती दिवसांत गेला हेही तुम्हाला वहीत मांडता येईल.